अठरा मोटारी आणि गणिताचा तास

दहावीला गणितात मला पस्तीस मार्क पडले होते, आणि तेही तपासणाऱ्याला माझी दया आली म्हणून, असं माझं आजही मत आहे. पुढे सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं आणि बेरजेच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. तरीही आमच्या शाळेत अकरावीचं गणित मी टिकवलं, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगते. ऐकणारे हसतात. खुशाल हसू देत.

मी शिरूरला राहते. तिथून न्हावऱ्याच्या रस्त्याने भीमेच्या दिशेने निघालं, की नदीच्या अलीकडे आमची शाळा लागते. पलीकडच्या काठापासून दौंड तालुका. शाळा सरकारी, बारावीपर्यंतची, गावाबाहेर माळावर बांधलेली आणि आता तिन्ही बाजूंनी उसाने वेढलेली. शास्त्र शाखा होती, पण गणिताचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच गेली नाही. दरवर्षी पत्र जायचं, दरवर्षी 'प्रक्रिया चालू आहे' असं उत्तर यायचं. तोवर आमच्या मुलांना गणिताच्या जागी भूगोल घ्यायला लागायचा. भूगोलाशी माझं वैर नाही, पण इंजिनीअर व्हायचं असेल तर भूगोल घेऊन कुठे जायचं?

मग एका वर्षी नवीन योजना आली. राज्यातल्या ज्या सरकारी शाळांत गणिताचे शिक्षक नाहीत, त्या सगळ्यांसाठी एकच वर्ग. सर एका गावी, मुलं शेकडो गावांत, मध्ये पडदा. नुसतं बघायचं नाही, सर नाव घेऊन विचारणार आणि मुलांनी माइकवर उत्तर द्यायचं. आम्हाला एक मोठा पडदा, एक कॅमेरा आणि इंटरनेटचं कनेक्शन मिळालं. वर्गात बसायला एक शिक्षक हवा होता. अकरा वाजता रिकामा तास कोणाला, तर मला. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्हाला फक्त बसायचं आहे."

फक्त बसायचं आहे, असं ज्या कामाबद्दल सांगतात त्या कामात माणूस उभ्याने मरतो. पण तेव्हा मी हो म्हणाले.

नऊ मुलांनी गणित घेतलं. त्यातली एक मुलगी मला पहिल्यापासून ठाऊक होती, कारण तिच्या निबंधांत अलंकार औषधालाही नसायचे. 'माझे गाव' लिहायला सांगितलं, तर तिने गावात किती विहिरी आणि त्यातल्या किती उन्हाळ्यात कोरड्या पडतात ते लिहिलं होतं. मी लाल पेनाने 'भावना कुठे आहेत?' असं विचारलं होतं. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी दोन एकर घेतले, बोअर मारली आणि ते शेतकरी झाले. तिला गणितच हवं होतं. प्रवेशाच्या दिवशी वडील माझ्यासमोर बसून स्पष्ट बोलले.

"बाई, शाळंत गणित असंल तर शिकू द्या. शिरूरला मी धाडायचो न्हाई. संध्याकाळची एसटी फाट्यावर सोडती. तिथनं घरापातूर दोन्ही अंगाला ऊस. परवा आमच्या वस्तीवरनं कालवड नेली बिबट्यानं."

आमच्याकडे बिबट्या ही काही गोष्टीतली गोष्ट नाही. माझी स्कूटरसुद्धा संध्याकाळी पाचनंतर त्या रस्त्याने जात नाही.

म्हणजे मुद्दा एवढाच होता, शाळेत गणित राहिलं तर ती शिकणार, नाही तर नाही. आणि योजनेच्या पत्रात शेवटच्या ओळीला लिहिलेलं होतं, की संक्रांतीपर्यंत ज्या केंद्राची थेट हजेरी पुरेशी भरणार नाही ते केंद्र बंद होईल आणि मुलांना विषय बदलून दिला जाईल.

गणपतीनंतर वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी पडद्यावर सर दिसले आणि आमची नऊच्या नऊ मुलं ताडकन उभी राहून एका सुरात "नमस्ते सर" म्हणाली. सरांना काही ऐकू गेलं नाही, कारण माइक बंद होता. मुलं बसेनात. सरांनी 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचं नाही, हे आम्हीच पहिलीपासून शिकवलेलं. शेवटी मी ओरडले तेव्हा बसली. त्यानंतर चित्र अडकून पुन्हा सुरू झालं, की मुलं पुन्हा उभी. एका तासात पाच वेळा नमस्ते झालं. मी डोक्याला हात लावला. पण सर शिकवायचे छान. मला काही कळत नव्हतं, तरी ते छान शिकवत आहेत एवढं कळत होतं. मुलांच्या माना त्यांच्या हाताबरोबर फिरायच्या.

खरी अडचण विजेची होती. शाळा माळावर असल्याने आमची वीज गावठाणातून आलेली नाही, शेतातल्या डीपीवरून आलेली आहे. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पण तो शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. त्या एका डीपीवर अठरा मोटारी. मोटारी चालतील अशी वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री; एरवी असते ती दिवे-पंख्यांपुरती. ज्या दिवसांत पाळी रात्रीची असायची, तेव्हा आमचा तास झकास व्हायचा. पाळी दिवसाची आली, की साडेदहाला मोटारींची लाईट यायची आणि अठराही मोटारी धडाधड चालू व्हायच्या. बहुतेकांनी ऑटो बसवलेला, म्हणजे माणूस घरी चहा पीत असला तरी मोटार आपोआप चालू. मग व्होल्टेज इतकं उतरायचं, की पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसायचा. कधीकधी डीपीचा फ्यूजच उडायचा. शाळेच्या इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली होती आणि नवी बॅटरी मंजुरीत अडकली होती. माझ्या मोबाइलवरून तास लावून पाहिला, तर नऊ डोकी एका तळहाताएवढ्या सरांवर वाकली आणि हजेरी काही लागली नाही. हजेरी केंद्राच्या कॅमेऱ्यातूनच लागायची.

दिवाळीला मी हिशेब केला. मला जमणारी तेवढी एकच बेरीज होती. निम्मे तास बुडाले होते. माझा पारा चढला. मी वायरमनला झापलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी खांबावर चढतो. व्होल्टेज माझ्या खिशात नसतं."

मग मी गावात गेले. सोसायटीच्या ओट्यावर सकाळी चार माणसं बसलेली असतात. त्यांत एक आप्पा होते, सत्तरीचे, उसाचे मोठे बागायतदार. त्या डीपीवरची सगळ्यांत मोठी मोटार त्यांची, दहा एचपीची. आप्पांनी हो म्हटलं की बाकीचे नाही म्हणत नाहीत. मी म्हटलं, दिवसाची पाळी असेल तेव्हा अकरा ते पावणेबारा मोटारी बंद ठेवा, पोरांचा तास होऊ द्या.

आप्पा म्हणाले, "बाई, दिवसाची लाईट म्हंजी आमच्यासाठी सोनं हाय. रातीचं पान्याची दारं धरायला गेलं की मागं बिबट्या. त्यातला पाऊण तास तुमाला द्यायचा?"

"हो, द्यायचा," मी म्हटलं. "तुमच्याच गावची पोरं आहेत. माझं कोणी त्यात नाही."

मी जरा जोरातच बोलले असणार. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि ते म्हणाले, "बरं. तुमची घंटा वाजली की बंद, परत वाजली की चालू. बास?"

मला वाटलं, मी गड जिंकला. सोमवारी अकराला शिपायाने घंटा दिली आणि खरोखर एकेक मोटार थांबत गेली. माळावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पडदा लख्ख. तास पूर्ण झाला. पावणेबाराला घंटा झाली. शब्दाला जागणारी माणसं सगळी, प्रत्येक जण आपापल्या स्टार्टरवर हात ठेवून उभा होता. घंटेचा ठोका पडला आणि अठराच्या अठरा मोटारी एका क्षणात चालू झाल्या.

डीपीतून असा आवाज आला, की खिडकीवरची कबुतरं उडाली. या वेळी नुसता फ्यूज नाही, आतलंही काही जळलं होतं. दुरुस्तीला पाच दिवस लागले. दिवसाची पाळी त्यात संपली, कांद्याची रोपं सुकली आणि गावाच्या मते ते सगळं मी केलं. आप्पा रस्त्यात भेटले तर म्हणाले, "बाई, आता घंटा तुमच्या गळ्यात बांधा." मी त्या दिवशी घरी जाऊन रडले. चूक माझी नव्हती असं नवऱ्याला दहा वेळा सांगितलं, आणि अकराव्या वेळी कळलं, की चूक माझीच आहे. अठरा माणसांना एकाच क्षणी चालू करायला सांगणारी मीच.

दुसऱ्या आठवड्यात लाईट रात्रीची होती, म्हणून तास झाला. तास संपता संपता सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाला काही शंका?" आणि आमच्या त्या मुलीने माइक ओढला. म्हणाली, "सर, पुस्तकातली न्हाई, पण इचारू का?"

मी तिला गप्प बसवायला उठले होते. सर म्हणाले, "विचार की."

तिने सगळं सांगितलं. अठरा मोटारी, एक डीपी, घंटा, धडाका. राज्यभरातली मुलं ऐकत होती. आमच्या गावची शोभा सगळीकडे झाली, असं मला वाटलं आणि मी मान खाली घातली. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला उत्तरही दिलं नाही. एवढंच म्हणाले, "तुला काय माहीत आहे आणि काय माहीत करून घ्यायला हवं, त्याच्या दोन याद्या कर. बाकी तू काढशील."

पुढचे चार दिवस ती शाळा सुटली की खांब मोजत फिरत होती. कोणाची मोटार किती एचपीची, डीपीपासून कितव्या खांबावर, चालू होताना किती वेळ घुमते. सोबत वर्गातल्या दोघी. उजेड असेतोवर फिरायचं आणि परत यायचं. शुक्रवारी तिने माझ्यासमोर वही ठेवली. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मी म्हटलं, मराठीत सांग. तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मोटार चालू होताना करंट जास्त वढती, मग कमी. सगळ्या एकदम वढल्या की डीपी जळती. म्हनून तीन गट. पाच-पाच मिन्टांनी. आन् जी मोटार लांबच्या खांबावर, तिला आधीच व्होल्टेज कमी. ती शेवटाला ठिवली तर नुसती घुमंल आन् वायंडिंग जाईल. म्हनून लांबच्या आधी, जवळच्या मागनं."

हे मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं गणित मला पहिल्या झटक्यात कळलं, आणि मी त्या मुलीला वर्गाच्या दारातच मिठी मारली. तिला फार अवघडल्यासारखं झालं.

शनिवारी शाळेत सगळ्या अठरा जणांना बोलावलं. यायला कोणी तयार नव्हतं. आले ते भांडायच्या तयारीने आले. मुलीने फळ्यावर खांब काढले, मोटारी काढल्या, तीन गट लिहिले. एक ठोका पडला की पहिला गट, पाच मिनिटांनी दोन ठोके, दुसरा गट, मग तीन ठोके. पहिल्या गटात अगदी वरती तिच्या वडिलांची मोटार होती, लाईनच्या शेवटच्या खांबावरची, तीन एचपीची. आणि सगळ्यांत खाली आप्पांची दहा एचपी, डीपीच्या बुडाशी असलेली.

मागून एक जण उठला. "वा! सवताच्या बापाची पहिली, आन् आप्पांची शेवटाला. झ्याक गणित हाय!"

हशा झाला. वडील उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "आमची शेवटाला लावा. वाद नको. पोरी, पूस ते."

मुलगी फळ्यापाशी उभी होती. मला वाटलं, आता ती पुसणार. सगळ्यांची इच्छा तीच होती, आणि खरं सांगायचं तर क्षणभर माझीही. काहीही करून तास वाचावा एवढंच मला हवं होतं. पण ती म्हणाली, "आण्णा, शेवटाला लावली तर आपली जळंल. दुसऱ्या कुनाची त्या खांबावर असती, तर त्याची पहिली लिवली असती. हे म्या ठरवलं न्हाई. हे असंच येतंय."

ती सतरा वर्षांची मुलगी आणि समोर अठरा बाप्ये, त्यांत तिचा स्वतःचा बाप.

आप्पा आपली टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. त्यांनी त्या मागच्या माणसाकडे वळून विचारलं, "कॅनॉलचं आवर्तन सुटलं की पानी आधी कुनाला?"

"टेलला," तो म्हणाला. कॅनॉलच्या अगदी शेवटाला ज्याचं शेत त्याला आधी पाणी, मग मागे येत येत वरच्याला, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. वरच्याने आधी घेतलं तर खालच्यापर्यंत थेंब पोचत नाही.

"का हेडला?"

"न्हाई आप्पा. टेलला."

"मग पान्याला एक कायदा आन् लाईटीला दुसरा का?" आप्पा उठले. फळ्यापाशी जाऊन त्यांनी आपल्या दहा एचपीवर बोट ठेवलं. "ही शेवटाला. पोरीनं लिवलंय तसंच. ज्याला न्हाई पटत त्यानं माझ्याशी बोलायचं."

ऑटो काढायचं ठरलं, नाही तर लाईट आली की सगळ्या पुन्हा एकदम चालू. त्यावरही कुरकुर झाली, पण आप्पांनी स्वतःचा ऑटो सगळ्यांच्या आधी काढला आणि कुरकुर थांबली.

दिवसाची पाळी आली. अकराला मोटारी बंद, तास झाला. पावणेबाराला एक ठोका. मी व्हरांड्यात उभी होते आणि पदराचं टोक चावत होते. लांबून, उसाच्या पलीकडून, बारीक घरघर सुरू झाली. पाच मिनिटं. दोन ठोके, आणि मधल्या रानातून आवाज आला. पुन्हा पाच मिनिटं. तीन ठोके पडले, आणि अगदी शेवटी, शाळेच्या मागेच, आप्पांची मोटार गुरगुरत चालू झाली. डीपी नुसती गुणगुणत उभी. शिपायाने घंटेचा हातोडा खाली टाकला आणि चक्क नाचायला लागला. मीही हसत सुटले. माझ्या वयाला ते शोभलं नसेल, पण कोण बघत होतं?

त्या दिवसापासून संक्रांतीपर्यंत एकही तास बुडाला नाही. डीपीही पुन्हा जळली नाही. मुलीच्या वहीचे फोटो मी सरांना पाठवले. मोटारी नीट चालतात म्हटल्यावर शेजारच्या डीपीवरचे लोक वही मागायला आले. गावात माझा भाव पुन्हा वधारला. मी तो बिनदिक्कत खाल्ला.

तरी हजेरी पुरेल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. गणपती ते दिवाळी बुडालेले तास काही परत येणार नव्हते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पालकांना सहीसाठी बोलावलं होतं. दोन फॉर्म तयार होते, एक गणित चालू ठेवण्याचा, दुसरा भूगोलाचा. मुलीचे वडील सगळ्यांत आधी आले आणि मागच्या बाकावर पाय जवळ घेऊन बसले. बाहेर मोटारी बंद होत्या. तास सुरू होता. सरांनी खडू खाली ठेवला आणि चालू राहणाऱ्या केंद्रांची यादी वाचायला घेतली.

यादी लांब होती. पुणे जिल्हा आला, तालुका आला, आमच्या गावाचं नाव आलं. नऊ मुलांनी जो काही आवाज केला तो डीपीच्या त्या स्फोटाहून मोठा होता. मी ओरडले नाही, कारण मला रडू येत होतं.

गलका थांबल्यावर सर म्हणाले, "वीज टिकत नाही म्हणून काही केंद्रं काठावर आहेत. आजची शेवटची पंधरा मिनिटं मी शिकवणार नाही. मोटारींचं गणित ज्या मुलीने सोडवलं, तिने ते सगळ्यांना शिकवावं."

ती उठली. मी कॅमेरा फळ्याकडे वळवला. आधी ती पुस्तकातलं बोलली, 'समजा', 'म्हणून', 'यावरून'. मग तिचं तिला आठवेना आणि ती आपल्या बोलीवर आली. "टेलची मोटार आधी चालू क्येली तर..." वर्गात एक जण खुसखुसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मान वहीत घातली.

वडील हळूच माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. पडद्यावरच्या लहान लहान चौकटींत कुठल्या कुठल्या गावांतली मुलं माना खाली घालून लिहून घेत होती. त्यांनी विचारलं, "बाई, ही कुनाला शिकवती?"

"राज्याला, मामा," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "गणिताचा फॉर्म कंचा? द्या हिकडं."

त्यांनी खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली. तेवढ्यात पडद्यावरची एक चौकट मोठी झाली. मराठवाड्यातल्या कुठल्याशा शाळेतली मुलगी होती, दोन वेण्या, मागे पत्र्याची भिंत. ती म्हणाली, "ताई, आमच्याकडं पण असंच जळतंय. ते खांबाचं परत सांगाल का? सुरुवातीपासून?"

आमच्या मुलीने एकदा वडिलांकडे पाहिलं, फळा पुसला आणि पहिला खांब परत काढायला घेतला.